शून्य तासांची नोंद

विजयश्री पडवळ जे शिकत होती ते शिक्षण म्हणायचं का नोकरी, हे तिच्या घरात कुणालाच नीट कळलं नव्हतं. अर्थशास्त्राची पदवी, पण तिसरं वर्ष वर्गात नाही, सरकारी कचेरीत अ‍ॅप्रेंटिस म्हणून. वर्षभर काम शिकायचं, रोजची नोंदवही भरायची आणि तिच्यावर वरिष्ठांची सही घ्यायची. सह्या नसल्या तर पदवी नाही. तिचे वडील दत्तोबा चाकणजवळच्या वाडीत थोडं शेत सांभाळून कंपनीची बस चालवायचे. त्यांनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. "आमची विजू सरकारात हाय," असं ते भेटेल त्याला सांगायचे.

कचेरी पिंपरीत होती आणि काम होतं रोजगाराच्या पाहणीचं. निवडलेल्या घरांत दर तीन महिन्यांनी जायचं आणि विचारायचं, गेल्या सात दिवसांत घरातल्या कुणी काय काम केलं, किती तास केलं? हे काम तिला ज्योतीराम सरांनी शिकवलं. सर मूळचे परभणीकडचे, अकरा महिन्यांच्या करारावरचे. शेजारच्या दोन जागा रिकाम्या असल्यामुळे तिघांचा भाग ते एकटे ओढत होते. दारात कसं उभं राहायचं, दिलेलं पाणी का नाकारायचं नाही, बाई बोलायला बिचकत असेल तर आधी मुलांची शाळा विचारायची, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते सरांकडून मिळालं. तिच्या नोंदवहीवर सहीही सरांचीच लागायची.

मार्चमधला तो शुक्रवार तिमाहीचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सहापर्यंत सगळी माहिती वर जायला हवी होती आणि दुपारी दोनला चार घरं शिल्लक होती. एमआयडीसीच्या मागं पत्र्याच्या चाळीपाशी सरांनी गाडी थांबवली.

"तू चौदा नंबर उरक, पलीकडच्या तीन खोल्या मी बघतो. मागची माहिती टॅबवर आहेच. ती कायम ठेवायची, झालं."

चौदा नंबरचं दार एका माणसानं डाव्या हातानं उघडलं. उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता आणि त्याच्या आत बोटं असावीत असं दिसत नव्हतं. विजयश्रीनं टॅबवर पाहिलं. भिवा, वय चौतीस, कारखान्यात कामगार, आठवड्याचे तास अठ्ठेचाळीस.

"गेल्या सात दिवसांत काम किती तास केलं, दादा?"

"शून्य," भिवा म्हणाला. "प्रेसमधी हात गेला, त्याला पाच महिने झाले."

आतून त्याची बायको शकू घाईनं बाहेर आली. "काय बी सांगू नका तुम्ही! बाई, कामावर जातेत असंच लिव्हा. ठेकेदारानं गेटवर बसवतो म्हणून सांगितलंय. त्याच्या कानावर गेलं तर तेबी जाईल."

"ताई, नाव कुणालाही कळत नाही. ठेकेदाराला नाही, कंपनीलाही नाही."

"मंग आमाला काय मिळंल ह्यातून?"

विजयश्री म्हणाली, "काही नाही, ताई. खोटं कशाला सांगू? फक्त मोजताना तुमची मोजणी बरोबर होईल."

"मंग लिव्हा खरं ते," म्हणत शकू दाराच्या चौकटीला टेकली. मग विजयश्रीनं विचारलं, "डिसेंबरात कोण आलं होतं विचारायला?"

"कुनीच न्हाई. पावसाळ्यात नुसती नावं लिहून नेलती, त्यानंतर तुम्हीच पहिल्या."

डिसेंबरात भिवा घरीच बसून होता. म्हणजे ते अठ्ठेचाळीस तास कुणीतरी गाडीवर बसून भरले होते, आणि तो कुणीतरी कोण ते तिला विचारावं लागणार नव्हतं. तिनं शून्य भरलं. टॅबनं लगेच लाल खूण दाखवली: मागच्या नोंदीशी जुळत नाही, कारण लिहा. तिनं लिहिलं, "पाच महिन्यांपूर्वी अपघात. तेव्हापासून काम नाही." पण पाठवायचं बटण तिनं दाबलं नाही. आधी सरांना सांगायला हवं होतं.

सरांनी टॅब हातात घेतला. तिनं लिहिलेलं कारण वाचलं.

"पाच महिने काढून टाक. 'नुकताच अपघात' लिही."

"सर, ते खोटं होईल."

"आणि हे गेलं तर माझं काय होईल? जूनमध्ये करार संपतोय. पोरगी बारावीला आहे माझी." त्यांचा आवाज चढला. "तुझी नोंदवही माझ्याच टेबलावर आहे, विजयश्री."

असं ते तिच्याशी कधीच बोलले नव्हते. तिला दत्तोबा आठवले, वाडीभर सांगत सुटलेले. तरी तिनं हात पुढं करून टॅब मागितला, आणि सरांनी तो दिला. तिनं बटण दाबलं.

साडेपाचला अधिकारी इंद्रायणी मॅडमनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. लाल खूण त्यांच्यासमोर उघडी होती.

"पाच महिने? मग डिसेंबरात अठ्ठेचाळीस तास कसे?" मॅडम विजयश्रीकडे बघत होत्या. "तू गेली होतीस ना आज? बोल."

तिनं सरांकडे पाहिलं.

"मॅडम, तिला नका विचारू," सर म्हणाले. "डिसेंबरात मी त्या चाळीत गेलोच नव्हतो. तीन जणांचा भाग होता, नाही जमलं. त्या चारही खोल्यांची माहिती मी बसल्या जागी भरली."

मॅडमनी चष्मा काढला. रिकाम्या जागांची पत्रं त्यांनीच तीनदा वर पाठवली होती आणि उत्तर आलं नव्हतं. ओरडावं असं त्यांना वाटलं असेल, पण त्या ओरडल्या नाहीत. चारही घरं सोमवारी स्वतः जाऊन पुन्हा तपासेन, असं म्हणाल्या आणि डिसेंबरच्या नोंदी खोट्या असल्याचा अहवाल वर गेला.

जूनमध्ये ज्योतीराम सरांचा करार वाढला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी विजयश्रीची नोंदवही मागवून घेतली आणि राहिलेल्या बावीस दिवसांवर सह्या केल्या. ती काही बोलायला गेली, तर म्हणाले, "राहू दे. चूक माझी होती. पण तू माझ्याशी आधी बोललीस, ते बरं केलंस." आता ते देहूरोडला एका गोदामात हजेरी बघतात. तिनं दोनदा फोन केला. त्यांनी एकदाच उचलला.

भिवाला गेटवरचं काम मिळालं नाही. शकू पॅकिंगला जायला लागली, बारा तासांच्या पाळीला. पुढच्या फेरीत विजयश्रीनं तेही लिहून घेतलं, तेव्हा शकूनं न विचारताच तिला चहा दिला.

विजयश्रीला पदवी मिळाली. दत्तोबांनी बसमधल्या सगळ्या कामगारांना पेढे वाटले. कचेरीनं तिला अकरा महिन्यांच्या करारावर ठेवून घेतलं आणि सरांचा सगळा भाग तिच्याकडे आला, तिघांचा. पहिल्याच आठवड्यात तिनं मॅडमना लेखी कळवलं की इतकी घरं एका माणसाकडून होणार नाहीत. मॅडमनी पत्रावर शेरा मारला आणि तेही वर पाठवलं.