वेर्नाचा झाडू आणि ओरेस्टचा जबडा

वेर्ना हुदिमाने बर्फावर घसरवायचा, कर्लिंग खेळाचा वजनदार दगड उचलून सख्ख्या भावाच्या तोंडावर घातला, अशी आमच्या ड्रोव्हिलमध्ये आवई आहे. साफ खोटं. दगड उचलायला वेळ कुणाला होता? तिने बर्फ घासायच्या झाडूचा दांडा घातला.

तेव्हा ती प्रांताची विजेती कर्णधार होती आणि थोरला भाऊ ओरेस्ट तिच्याच संघात, घसरत्या दगडापुढे बर्फ घासत पळायचा. त्या वर्षी अंतिम सामन्यात, शेवटच्या दगडाला त्याचा झाडू निसटता लागला. आमच्याकडे पंच शिट्टी मारत नाही; ज्याचा झाडू लागला त्यानेच हात वर करायचा, मग तो दगड बाद. ओरेस्ट छताकडे बघत बसला. वेर्नाने दगड पायाने बाजूला लोटला, "आमचा लागला" म्हणाली आणि किताब घालवला.

बाहेर गाड्यांपाशी ओरेस्टने तिचे पुढचे दोन दात पाडले. "खोटारडे! कुठे लागला?" तिने त्याचा जबडा मोडला. मग रक्त थुंकत आत गेली आणि रिवाजाप्रमाणे जिंकलेल्यांच्या टेबलावर, त्यांनी पाजलेली व्हिस्की प्यायली.

पुढे ती पोरींना शिकवायला लागली. शिकवणं म्हणजे, "ए बटाट्याच्या पोत्या, वाक की!" आणि पोटरीवर दांडा. बोलताना दातांच्या फटीतून शिट्टी वाजायची; ती मला हुबेहूब जमते. दर नाताळात पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वाढता वाढता भावाबहिणीचं "लागला", "नाही लागला" सुरू व्हायचं आणि बशा भिंतीवर फुटायच्या. बाईला दुसरं काही नको होतं. फक्त त्याच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं.

गेल्या फेब्रुवारीत वेर्नाच्या पोरी अंतिम फेरीत होत्या. ओरेस्टची नात कालिना बर्फ घासत होती. काचेमागे वेर्ना, शेजारी मी, तिचेच दांडे खाऊन शिकलेली, मागच्या बाकावर ओरेस्ट. कालिनाचा झाडू दगडाला चाटून गेला आणि दगड लक्ष्याच्या वर्तुळात बरोब्बर मधोमध जाऊन थांबला. समोरच्या संघाला पत्ताच नाही.

"बाई, काच ठोका," मी म्हटलं. "ती नाही बोलायची. तिच्या आजोबांचं रक्त आहे ते."

"माझंही आहे, मडके. लावतेस पैज?"

"लावली! हरले तर पुढचा अख्खा हिवाळा तोंडाने तुमची नक्कल बंद."

वेर्नाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. कालिनाने काचेपलीकडून आजोबांकडे पाहिलं. आजोबा छताकडे बघत होते. मग तिने हात वर केला.

"लागला. माझाच."

सामना गेला.

ओरेस्ट उठला तसं लोकांनी भराभर खुर्च्या मागे ओढल्या. तो येऊन वेर्नापुढे उभा राहिला. वाकडा जबडा जरा हलला.

"तेव्हाही लागला होता."

वेर्नाने त्याच्या नाकावर असा ठोसा हाणला की रक्त कॉलरपर्यंत आलं.

"हा दातांबद्दल," ती म्हणाली. "आता बस गपचूप. आज मी जिंकले, आणि जिंकणाऱ्याने पाजायची असते."

यंदाचा हिवाळा लांबलाय. माझं तोंड बंद आहे. लिहिण्याबद्दल मात्र काहीच ठरलं नव्हतं.