शेरा: घर बंद

दार सताड उघडं होतं. आतून तुपातल्या शिऱ्याचा वास येत होता. आणि त्याच दाराच्या पायरीवर बसून, मांडीवर कागद धरून मी लिहीत होते: ‘घर बंद’.

लिहून घेणारा माझ्या डोक्यावर उभा होता. साठीचा माणूस, अंगात पांढरी बंडी, हातात चहाचा कप. गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत त्याचा बंगला, सातपूरला वर्कशॉप. सगळे त्याला आप्पा म्हणतात.

“शुद्धलेखन बघ,” आप्पा म्हणाला. “कोर्टाचा कागद आहे.”

मी बेलिफ आहे. नाशिकच्या दिवाणी कोर्टात. ज्याच्यावर दावा लागला त्याच्या दारात कोर्टाचं समन्स घेऊन जायचं, हातात द्यायचं, दुसऱ्या प्रतीवर सही घ्यायची, काय घडलं त्याचा शेरा लिहायचा आणि कागद परत जमा करायचा. याला बजावणी म्हणतात. बजावणी झाली नाही तर दावा जागचा हलत नाही. न्यायाधीश कितीही शहाणे असोत, त्यांचं घोडं माझ्या शेऱ्यापाशी अडतं.

त्या सकाळी मी समन्स पुढे केलं, तर आप्पाने हात पुढे केला नाही. गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघितलं. जवळचं बारीक अक्षर वाचायला चष्मा नव्हता, म्हणून विचारलं.

“आडनाव काय तुझं?”

मी सांगितलं. तो जरा गप्प राहिला. आमच्याकडे ही गप्प राहण्याची तऱ्हा लहानपणापासून ओळखीची असते. समोरचा माणूस मनातल्या मनात आपल्याला जागेवर बसवत असतो.

“तिथं ठेव,” तो म्हणाला. तिथं म्हणजे पायपुसण्यावर.

मी ठेवलं. राजमुद्रेचा कागद पायपुसण्यावर ठेवला. न वाकता, नुसती मान तिरकी करून त्याने स्वतःचं नाव वाचलं.

“उचल. आणि लिही, घर बंद.”

“आप्पा, तुम्ही तर घरातच आहात.”

“मी आहे. घर बंद आहे.”

आत कुणीतरी हसलं. बाईचा आवाज होता. मी लिहिलं.

का लिहिलं, ते सांगते. घाबरले म्हणून लिहिलं. दुसरं कारण नाही. निघताना आमच्या नाझरसाहेबांनी, म्हणजे सगळ्या बेलिफांना कागद वाटून देणाऱ्या साहेबांनी सांगितलं होतं, “त्या बंगल्यावर जरा सांभाळून घे.” आमच्या ऑफिसात हा शब्द फार चालतो. सांभाळून घे. कुणाला सांभाळायचं हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

हा शब्द मी घरीही ऐकलेला. माझे वडील बेलिफ होते. नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी मला अनुकंपा तत्त्वावर घेतलं. त्यांची खाकी पिशवी मला मिळाली. तिच्यात एक डिंकाची बाटली होती. माणूस समन्स घ्यायला नाही म्हणाला तर एक प्रत त्याच्या दाराला चिकटवायची आणि तसा शेरा लिहायचा, हा नियम जुनाच आहे. वडिलांच्या बाटलीतला डिंक अर्ध्यापर्यंत संपलेला. तेव्हा मला वाटलं, चला, वडिलांनी चिकटवले कागद.

चिकटवले. पण कुठे चिकटवले ते मला पुढे फिरून फिरून कळलं. फुलेनगरात, भारतनगरात, पंचवटीच्या मागच्या वस्त्यांत. तिथे घर बंद असलं तर आम्ही कागद चिकटवून मोकळे होतो. बंगल्यात दार उघडं असलं तर घर बंद लिहितो. हे कुठल्या नियमात नाही. हे आम्हाला कुणी शिकवलंही नाही. आईच्या दुधातून येतं म्हणावं, इतकं आपोआप येतं.

महिन्याभराने पुन्हा तोच कागद आला. गेले. या वेळी आप्पा बाहेर आलाच नाही, आतूनच ओरडला, “मागच्यासारखंच लिही.” मी लिहिलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा वॉचमननेच सांगितलं, “मॅडम, तुमचं ते घर बंद लिहून टाका, साहेब पूजेत आहेत.” मी फाटकाच्या कठड्यावर कागद टेकवून लिहिलं. सवय झाली होती, आणि त्याचीच मला नंतर जास्त लाज वाटली.

चौथा कागद हातात पडला त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात एक बाई माझी वाट बघत बाकड्यावर बसली होती. पन्नाशीची. हाताच्या कोपरापर्यंत पिठाचा पांढुरका थर. सातपूरच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ती पोळ्या लाटते, पहिली पाळी सुटल्यावर तशीच आली होती. नाव यमुनाबाई. आप्पावर दावा लावणारी हीच.

तिचं म्हणणं एवढंच होतं. तिच्या घराला जायला वर्कशॉपच्या कडेने चार फुटी बोळ आहे. आप्पा त्या बोळात लांबीने भिंत घालतोय, निम्मी वाट आत घेऊन. नवरा पॅरालिसिसचा, त्याला चाकाच्या खुर्चीतून दवाखान्यात न्यावं लागतं. भिंत झाली तर खुर्ची जाणार नाही. मोफत मिळालेल्या वकिलामार्फत तिने मनाई मागितली होती. कोर्ट म्हणालं, आधी समोरच्याला समन्स बजावा, त्याचं ऐकू.

“ताई, तुम्हीच ना त्या बंगल्यावर कागद नेत्या?”

“हो.”

“मी जाऊन बघून आले दोनदा. समोरच्या झाडाखाली उभी राह्यले. लाईट लागत्यात. गाडी आत जाती, भाईर येती. कुकरच्या शिट्ट्या होत्यात.” ती जराही चिडली नव्हती. खरंच विचारत होती. “घर बंद हाय, मंग शिट्ट्या कोण वाजवतं?”

मी हातातला चौथा कागद पिशवीत सरकवला.

“पहिल्यांदा तुम्ही गेल्या तवा भिंत माझ्या गुडघ्याला व्हती,” ती म्हणाली. “दुसऱ्यांदा कमरेला. आता माझ्या खांद्याला आली. खुर्ची जात नाय. मालकाला मी पाठीवर घेते. आडवी होऊन निघते, खेकड्यासारखी.”

तिने हात वर करून खांद्यापाशी उंची दाखवली. माझे शेरे तिच्या अंगावर मोजलेले होते. मी तीन शेरे लिहिले, तिकडे भिंतीचे तितके थर चढले. मी म्हणजे त्या भिंतीचा गवंडीच. अपमान माझा झाला असं मी समजत होते, रात्र रात्र कुढत होते. आणि त्या अपमानाचा भार मात्र ही बाई नवऱ्यासकट पाठीवर वाहत होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. आप्पाचा राग नव्हता तो. माझाच मला आला होता.

आता मोबाइलचं सांगते. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीच्या मधल्या काळात बजावणीची पद्धत बदलली. परिपत्रक आलं आणि आम्हा बेलिफांच्या हातात कोर्टाचे मोबाइल आले. दारात उभं राहून तिथूनच फोटो काढायचा. आपण कुठे उभे आहोत ते ठिकाण आणि वेळ आपोआप नोंद होते. शेरा यादीतून निवडायचा आणि माणसाची सही मोबाइलच्या काचेवर, बोटाने. जुने बेलिफ वैतागले. एकजण म्हणाला, “गेली मजा. आता टपरीवर बसून बजावणी होणार नाही.” त्या दिवशी यमुनाबाईशी बोलून मी आत गेले, तर नाझरसाहेबांनी मला बाजूला घेतलं. “बंगल्यावर अजून जुन्याच पद्धतीने कर. मोबाइलची बॅटरी संपली म्हण.”

मी मान हलवली. मग व्हरांड्यात गेले. यमुनाबाई अजून तिथेच होती.

“मावशी, उद्या सकाळी साडेआठला त्या झाडाखाली या. घर ओळखून द्यायला माणूस लागतो. आणि येताना भिऊ नका.”

“मी कशाला भिऊ,” ती म्हणाली. “भितंय कोण ते मला दिसतंय ना.”

जाताना मी मेन रोडवरून डिंकाची नवी बाटली घेतली.

सकाळी दार उघडंच होतं. आप्पा झोपाळ्यावर. चहा, बंडी, सगळं तेच. मी पायपुसण्याच्या अलीकडे उभी राहिले. समन्स पुढे केलं.

“आप्पा, हे घ्या. आणि इथं सही करा. काचेवर, बोटाने.”

तो आधी हसला. मग माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला.

“बोट लावू? तुझ्या मोबाइलला?”

“माझा नाही. कोर्टाचा आहे.”

“तुझ्या हातात आहे ना.”

हे त्याने कागद पायपुसण्यावर ठेवायला लावलं तेव्हा शब्दांत म्हटलं नव्हतं. आता म्हटलं. बरं झालं. तीन फेऱ्या मला माझीच समजूत काढावी लागत होती, की माणूस तिरसट असेल, चष्मा नसेल, वय झालं असेल. आता समजूत काढायला काही उरलं नाही.

“म्हणजे समन्स घ्यायला नाही म्हणता?”

“लिही, घर बंद.”

“घर उघडं आहे.”

मी मोबाइल उचलला. झोपाळा, कप, उघडं दार आणि आप्पा, सगळं एका फोटोत आलं. यादीतून ‘घेण्यास नकार’ निवडलं. तो उठून अंगावर आला.

“तुझ्या बापाला विचार, या दारात कसं वागायचं असतं. तोही यायचा.”

तोही यायचा. म्हणजे वडीलही याच पायरीवर बसले होते. मांडीवर कागद घेऊन. घरी येऊन त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. मी बाटलीचं झाकण काढलं. बोटाने डिंक घेतला, प्रतीच्या चारही कोपऱ्यांना लावला आणि त्याच्या पॉलिश केलेल्या सागवानी दारावर ती प्रत तळहाताने दाबून बसवली. वॉचमन साक्षीला नाही म्हणाला. मी रस्त्यापलीकडे हाक मारली. यमुनाबाई आली, फाटकातून आत आली, आणि घर ओळखून देणारी म्हणून तिने अंगठा दिला. कँटीनमधून मधेच सुट्टी मागून आली होती, अंगठ्याला पीठ लागलेलं होतं.

मग आप्पा कोर्टात आला. यावंच लागलं. त्याच्या वकिलाने सरळ सांगितलं, माझ्या अशिलाला या दाव्याची माहिती परवापर्यंत नव्हती. तीनदा घर बंद होतं, बेलिफचाच शेरा आहे. तोवर भिंत उभी राहिली. माहिती नसताना, चांगल्या मनाने बांधलेली भिंत आता पाडा कशी म्हणता?

म्हणजे माझं अक्षर आता त्याचा पुरावा झालं. शुद्धलेखन बघून लिहिलेलं.

न्यायाधीशबाईंनी बेलिफला शपथेवर विचारायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळी नाझरसाहेबांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“हे बघ, तुला खोटं सांगायचंच नाहीये. चौथ्या वेळी होता, तो फोटोत आहे. तीनदा नव्हता, ते कागदावर आहे. दोन्ही जुळतं. एवढंच म्हण आणि खाली उतर. तुझंही झाकलं जाईल.”

“आणि यमुनाबाईंचं?”

“तू वकील आहेस का तिची? खोटा शेरा लिहिला म्हणून स्वतःच्या तोंडाने सांगशील तर नोकरी जाईल. अनुकंपाची आहे. बापाने मरून दिलेली.”

ते खोटं बोलत नव्हते. माझ्या पगारावर घर चालतं. नाशिक रोडच्या दोन खोल्या, आई, धाकट्या बहिणीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. आईने आधी गॅस बंद केला.

मग म्हणाली, “ते गंगापूर रोडवरून आले की जेवायचे नाहीत. मला वाटायचं, ऊन लागलं.”

एवढंच.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात उभी राहिले. शपथ घेतली. ज्या कोर्टात रोज फायली घेऊन आत-बाहेर करते, तिथं पहिल्यांदा सगळे माझ्याकडे बघत होते. आप्पा पहिल्या रांगेत, पायावर पाय टाकून. यमुनाबाई मागे भिंतीला टेकून, बाकावर जागा असून उभी.

“तीन वेळा तुम्ही ‘घर बंद’ असा शेरा लिहिलात. अक्षर तुमचंच?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“माझंच.”

“तो बरोबर आहे?”

“नाही. खोटा आहे. तिन्ही खोटे आहेत. पहिल्या वेळी दार उघडं होतं, हे समोर उभे होते, समन्सवरचं स्वतःचं नाव त्यांनी वाचलं. यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. त्यांच्याच पायरीवर बसून. भिंत तेव्हा गुडघ्याएवढी होती.”

कोर्टात टाइप करणाऱ्याची बोटं थांबली. आप्पाने पायावरचा पाय खाली घेतला. त्याचा वकील उठला, “म्हणजे तुम्ही खोटारड्या आहात हे तुम्ही कबूल करता?”

“तीनदा होते,” मी म्हणाले.

भिंत अजून उभी आहे. कोर्टाने पुढचं बांधकाम थांबवलंय. पाडायचं की नाही त्यावर वाद चालू आहे, तारखा पडताहेत, आणि यमुनाबाई अजून आडवी होऊनच निघते. नाझरसाहेब माझ्याशी बोलत नाहीत. माझ्यावर खात्याची चौकशी लागली आहे. दोषारोपाचा कागद निघालाय असं ऑफिसातल्या एकाने हळूच सांगितलं. तो कुठल्या तरी बेलिफच्या हातूनच माझ्या घरी येईल, माझ्याच सोबतीच्या. त्याला म्हणे दोघातिघांनी आत्ताच सांगून ठेवलंय, आपलीच आहे, जरा सांभाळून घे, दोनचार वेळा घर बंद लिही, तेवढाच तिला वेळ मिळेल.

मी त्याला गाठलं आणि सांगितलं, असलं काही लिहायचं नाही. पत्ता नीट लिहून दिला. सकाळी साडेआठला ये म्हटलं. दार उघडं असेल. मी घरात असेन. काचेवर बोटाने सही करीन.