चिमणी दिसते तोवर

बायकोच्या मते मी निसर्गप्रेमी फक्त दिवाणावर पडल्या पडल्या असतो. म्हणून गेल्या पौषात, पुण्याला नोकरी करणारी आमची मुलगी घरी आली आणि चार दिवस फोनात डोकं घालून बसली, तेव्हा जायच्या दिवशी सकाळी मी जाहीर केलं, "चाल, तुले खेडं दाखवतो. पायी."

"बाबा, दोन बजे ट्रेन है."

"दहाले परत येतो. अन् फोन घरीच ठेव. निसर्ग डोळ्यानं पाहा लागते."

हे वाक्य मला इतकं आवडलं की माझाही फोन मी फ्रिजवर ठेवून दिला.

"अन् रस्ता चुकले तं?" बायकोनं विचारलं.

"पंचवीस वर्षं झाली मले स्टील प्लांटात. त्याची चिमणी दिसते तोवर भिलाईचा माणूस हरपत नाही."

खरं सांगायचं तर मला पोरीशी बोलायचं होतं. चार दिवसांत आमचा संवाद वायफायच्या पासवर्डापलीकडे गेला नव्हता.

भिलाई-तीन वस्तीच्या पुढे एका चहाच्या टपरीजवळ स्कूटर लावली आणि आम्ही बांधावर उतरलो. आभाळ न घासलेल्या जर्मनच्या पातेल्यासारखं. कापलेल्या धानाचे खुंट, त्यांत लाखोळीच्या डाळीची ओली रोपं, आणि वर धुकं. अशा हवेत माणूस मोकळा होतो म्हणतात. मी पहिल्याच बांधावरून घसरलो. पोरगी पोट धरून हसली. चार दिवसांतलं ते पहिलं हसणं, म्हणून मी आणखी एकदा घसरायलाही तयार होतो. तशी वेळ आलीच.

लाखोळीचे शेंडे खुडून खात खात ती बोलायला लागली. मराठीत! आणि बोलता बोलता सहज म्हणाली, "बाबा, पहिले दोन महिने मी रोज ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडत होती."

तेच दोन महिने मी आमच्या सेक्टर दोनमध्ये तिच्या नोकरीचे पेढे वाटत फिरलो होतो. आता बापानं काहीतरी बोलायला हवं होतं. मी काय केलं? समोर धुक्यात चिमणी दिसली, तिच्याकडे बोट दाखवलं.

"ते पाय, कोक ओव्हन. धूर काळा आहे म्हणजे आता चार्जिंग, भट्टीत कोळसा भरून राहिले. चाल, तिकडंच आपली स्कूटर."

त्या धुरावर मी पुढचा पाऊण तास व्याख्यान दिलं. पोरगी लाखोळी खुडत मागे चालत होती. चिमणी जवळ येत गेली आणि, हे मला जरा खटकलं, बुटकी होत गेली. शेवटी कच्च्या विटांच्या थप्प्या लागल्या. डोक्यावर विटा घेतलेल्या एका बाईला मी, पंचवीस वर्षांचा अनुभवी माणूस, विचारलं, "ये प्लांट का कौन सा गेट है?"

ती आधी हसली, मग म्हणाली, "ए तो ईंटा भट्ठा आय, बाबू. भिलाई ह पाछू कोती हे."

म्हणजे भिलाई पाठीमागे होती. आम्ही सकाळपासून तिच्यापासून दूर चाललो होतो. भट्टीच्या मुनशीला वेळ विचारली. साडेअकरा.

"बाबा, माझी ट्रेन!" पोरीचा चेहरा उतरला. "सुट्टी संपली, उद्या जॉइन नाही केलं ना, तर..."

"तू फोन कावून नाही आणला?" मी म्हणालो. यावर तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते तिच्या आईचं पाहणं होतं.

मुनशीनं टपरीपर्यंत विटांच्या ट्रॅक्टरवर बसवून दिलं. विटांवर उड्या खात जाताना मी हळूच विचारलं, "अजून रडते का जिन्यात?"

"आता नाही. आता जिन्यात बसून डबा खातो आम्ही दोघी-तिघी." थोड्या वेळानं, "तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण तुम्ही पेढे वाटले होते."

मी सरकून तिला नीट बसायला जागा करून दिली.

टपरीवरून स्कूटर काढून घरी पोचलो तेव्हा बायको फाटकात बॅग घेऊन उभी, हातात दोन फोन. "वाजले का दहा?" एवढंच म्हणाली. तिघं एकाच स्कूटरवर, गाडी सुटायला सात मिनिटं असताना दुर्ग स्टेशनला पोचलो. पोरीच्या ड्रेसला मागे विटांचा लाल चुरा होता, तो झटकायचाही वेळ नव्हता. खिडकीतून म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळीही फोन घरीच ठेवू."

परतताना धुकं निवळलं होतं. प्लांटच्या चिमण्या ओळीनं लख्ख उभ्या, जणू सकाळपासून तिथंच होत्या.

"पाहा, दिसून राहिल्या," मागच्या सीटवरून बायको म्हणाली. "आता तं पोचवाल ना घरी?"

"पोचवतो," मी म्हणालो. "पण थोडं फिरून जाऊ."

ती नाही म्हणाली नाही.