कासवं बघायला गेलो आणि बांध घालून आलो

ऑगस्टमध्ये गोव्यात मोरजीला कासवं बघायला जायचं असं मी जाहीर केलं, तेव्हा घरात कुणालाच शंका आली नाही. शनिवारी पहाटे मी आणि बायको कोल्हापूरहून निघालो. आजरा, आंबोली, बांदा, पेडणे. घाटात धुकं दाट असतं, गाडी सावकाश हाणा.

खोली रोझीबाईंकडे, दिवसाला नऊशे, त्यात सकाळची पोई, म्हणजे कोंड्याचा गोल पाव, आणि अळसांद्याची भाजी. कासवांचं विचारताच बाई चहा गाळता गाळता थांबल्या.

"कासवां मोसम बगून येतात. तुमी कशे आयले?"

ती थंडीत येतात, हे बायकोने फोनवर शोधून मला वाचून दाखवलं. दोनदा.

बाईंचा जीव मात्र नदीकाठच्या बांधाला पडलेल्या भगदाडात अडकला होता. रविवारी दुपारी अमावास्येची भरती चढणार, आणि खारं पाणी आत शिरलं की नुकतं निसवलेलं भात गेलंच. पुढच्या रविवारी नव्या कणसांचं फेस्त. पाद्री कणसांना आशीर्वाद देतात, मग ती दारावर बांधतात. रोझीबाईंच्या शेतातलं कणीस चर्चमध्ये गेलं नाही, असं एकही वर्ष नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये मिसाला, म्हणजे प्रार्थनेला, आम्हीही मागे बसलो. कणसं यंदा म्हापशाहून आणू, असं कुणीतरी सुचवलं होतं म्हणे. पाद्री प्रवचनाला उभे राहिले.

"बाजारांतलीं कणसां देवाक नाका. उरिल्लें प्रवचन बांदार."

इतकं आटोपशीर प्रवचन मी कुठल्याच देवळात ऐकलेलं नाही. सगळे उठून थेट बांधावर गेले.

तिथे शेजारचे बाबलो गावकर आधीच गुडघाभर चिखलात उभे होते. त्यांनाही चतुर्थीला हीच नवी कणसं लागतात. बांबूच्या मेढी, पेंढा, चिखल. टोपल्या हातोहात चालल्या. पाद्रींनी झगा कमरेला खोचला होता. मी कोल्हापूरचा, म्हणून माझ्या हातात मोठी टोपली आली. तिसऱ्या टोपलीला मी खाली बसलो.

"तालीम बंद पडली काय?" बाबलोंनी आपुलकीने विचारलं.

दुपारी पाणी चढत चढत आलं आणि ओल्या बांधाच्या माथ्याखाली चार बोटांवर थांबलं. रोझीबाईंनी झग्याच्या टोकाने डोळे पुसले आणि जेवायला चला म्हणाल्या. मलाही रडू येत होतं, पण तोंडावर इतका चिखल होता की कुणाला दिसलं नाही.

दहा दिवसांनी पेडण्याहून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने घरी पुडकं आणून दिलं. आत आशीर्वादाची तीन कणसं. ती आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दाराला बांधली.

"शेत घेतलासा काय?" दूधवाल्याने विचारलं.

म्हटलं, नाही, तीन टोपल्या चिखल घातलाय.