रविवारचा पेशंट

"सर, मधू गेला." फोनवर सोपानदादांचा आवाज नेहमीसारखाच होता, कांद्याचा भाव सांगताना असतो तसा सपाट. मी जुन्नरच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेत उभा होतो, मुलांचं प्रॅक्टिकल चालू होतं. कसं, कधी, असं काहीतरी मी विचारलं असावं. मंचरच्या मार्केटात लिलाव चालू असताना मधू खाली बसला तो उठलाच नाही, एवढंच ते म्हणाले. मग, "लगीच निगाल तुमी, पण गाडी सावकाश चालवा. तुमी आल्याबिगर उचलत न्हाई आमी." इथल्याच हमरस्त्यानं ज्या माणसाचा एक पाय नेला, तो माणूस धाकट्या भावाचं प्रेत दारात असताना मला गाडी सावकाश चालवायला सांगत होता. मी खरोखरच सावकाश गेलो. खरं सांगायचं तर पोहोचावंसं वाटत नव्हतं.

मधूची आणि माझी ओळख नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. जुन्नरला डॉक्टर गोरे नावाचे दातांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे हवाईयन गिटार होती, मांडीवर आडवी ठेवून स्टीलची कांडी फिरवत वाजवायची ती. माझ्याकडे कॉलेजच्या दिवसांतली साधी गिटार. दोघांनाही वेड एकच, साठच्या दशकातल्या सिनेमाच्या गाण्यांचं. लहानपणी रेडिओवर ऐकलेली ती ट्विस्टची, पार्टीतली, पावसातल्या मोटारीतली गाणी आम्ही दर रविवारी दुपारी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसून आपापल्या कुवतीप्रमाणे वाजवायचो. भिंतीवर जबड्याचं चित्र, कोपऱ्यात जुनी मासिकं, आणि दारावर 'रविवारी बंद' अशी पाटी. एका रविवारी ती पाटी न जुमानता गाल सुजलेला एक तरणाताठा गडी आत शिरला. डॉक्टर उठणार तेवढ्यात त्यानं हातानंच बसा म्हणून खुणावलं आणि सुजल्या तोंडानं म्हणाला, "आधी गाणं पुरं होऊ द्या. दात काय, हाय तिथंच हाय." पुढच्या रविवारी तो परत आला. गाल उतरलेला होता आणि हातात बटाट्याचं बारदान होतं. त्या गोणीतून त्यानं गिटार काढली.

तो मधू. मंचरला त्यांची कांदा-बटाट्याची अडत होती. थोरले सोपानदादा आणि हा, असे दोघे भाऊ ती सांभाळायचे. पुण्याला शिकत असताना होस्टेलवरच्या एका मित्राकडून मधू गिटार शिकला आणि शिक्षण अर्धवट सोडून गावी परतताना तेवढी घेऊन आला. पण मार्केटातल्या माणसानं गिटार वाजवायची म्हणजे काय, हा प्रश्न होताच. म्हणून ते बारदान. एस.टी.त कुणी विचारलं, "काय पावणं, गोणीत काय?" की हा सांगायचा, बटाट्याचं बेणं. आणि घरी दर रविवारी सांगून निघायचा, दात दाखवायला जातो. पुष्कळ महिने हे चाललं. शेवटी एकदा जेवता जेवता दादांनी विचारलं, "मध्या, तुजं दात ऱ्हायलेत तरी किती रं?" सगळं घर हसलं. दादांना पहिल्यापासून ठाऊक होतं. हा किस्सा मधूनंच आम्हाला सांगितला, आणि सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरलेलो नाही. चोरी पकडली गेल्याचा नव्हता तो. पकडणाऱ्यानं ती चालू ठेवायची मुभा दिली त्याचा होता.

वाजवायचा कसा? गाणं त्याला म्हणता येत नसे, गळा अगदीच भरड. पण गाण्याच्या सुरुवातीला गिटारचा जो छोटा पीस असतो, ज्याच्यावरून पुढचं गाणं ओळखू येतं, तो मधूनं काढला की दवाखान्यासमोरून जाणारा माणूस क्षणभर थबकायचा. डॉक्टर म्हणायचे, "मधू, तू नुसती दारं उघडतोस. आत आम्ही जातो आणि घाण करतो." हळूहळू रविवारचे आणखी एकदोन जण यायला लागले, कुणी तबला, कुणी नुसत्या टाळ्या. चुकलं तर हसायचं आणि परत पहिल्यापासून... स्पर्धा नाही, कार्यक्रम नाही. मला वाटतं, आमच्यापैकी प्रत्येकाकडे आठवड्यातून तेवढाच वेळ कुणी काही मागत नव्हतं.

पुढे एका रविवारी आळेफाट्याला एका ट्रकवाल्याला कांदा पोचवायचा होता. टेम्पो न्यायची पाळी मधूची. दादा सहज बरोबर निघाले. नारायणगावात आल्यावर म्हणाले, "तू हितं उतर. जा जुन्नरला, तुजी मंडळी वाट बगत असतील. फाट्यापोतर मी जातो." मधूनं स्टिअरिंग दादांच्या हाती दिलं, मागून बारदान काढलं आणि जुन्नरची एस.टी. धरली. त्या दुपारी तो फार छान वाजवत होता. मधे दवाखान्यातला फोन वाजला. डॉक्टर म्हणाले, "असेल कुणाची तरी दाढ. थांबेल." वाजून वाजून तो बंद झाला. परत वाजला. तेव्हा गाणं ऐन रंगात होतं, आम्ही एकमेकांकडे बघून हसलो आणि जोरात वाजवायला लागलो, फोनवर मात करायची म्हणून. गाणं संपवून, टाळ्याबिळ्या झाल्यावर, पुन्हा वाजला तेव्हा डॉक्टरांनी उचलला. मंचरहून अडतीवरचा माणूस बोलत होता. आळेफाट्याच्या अलीकडे समोरून आलेल्या ट्रकनं टेम्पो दाबला होता. दादांना पुण्याला हलवलं होतं.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आम्ही फोन आधी उचलला असता तरी त्यात काही फरक पडला नसता, हे तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणि आमच्या डॉक्टरांनी मला आणि मी त्यांना पुढे कितीतरी वेळा सांगितलं. खरं असलं तरी अशा गोष्टी सांगाव्याच लागतात, यावरून काय ते समजावं.

मधूनं गिटार माळ्यावर टाकली. अडत, शेत, दादांचं औषधपाणी, सगळं त्यानं एकट्यानं अंगावर घेतलं. दादांना उचलून मोरीत न्यायचा, जखमेची पट्टी स्वतः बदलायचा, वहिनींना हात लावू द्यायचा नाही. मी मंचरला गेलो की भेटायचा, चहा पाजायचा, पावसापाण्याचं बोलायचा. रविवारचा विषय मी काढला की डोळे दुसरीकडे वळवायचा. एकदा आळेफाट्याच्या एका हॉटेलात आम्ही भजी खात होतो आणि मालकानं टेप लावला. आमच्यातलंच एक गाणं, ज्याचा पीस मधू वाजवायचा. पहिले चार सूर झाले असतील नसतील, मधू उठून बाहेर गेला आणि ट्रकांच्या धुरळ्यात पाठ करून उभा राहिला. गाणं संपेपर्यंत मी आतच बसून होतो. त्याची भजी निवली. इकडे डॉक्टर आणि मी रविवारी बसायचो, पण एखादं गाणं धरायचं आणि अर्ध्यात सोडून गप्पा मारायच्या, असं व्हायला लागलं. पुढे तेही बंद झालं. काही वर्षं अशीच गेली.

मग एका रविवारी दुपारी डॉक्टरांचा मला फोन, लगेच या. जाऊन बघतो तर दवाखान्यासमोर मंचरचा टेम्पो, आणि कृत्रिम पाय लावलेले, काठी टेकत आलेले सोपानदादा डॉक्टरांच्या त्या मोठ्या खुर्चीत. शेजारी मधू काळजीत उभा. दाढ दुखतेय म्हणून दादांनी त्याला गाडी काढायला लावली होती. डॉक्टर आरसा घेऊन तोंडात बघायला वाकले तर दादांनी तोंड मिटलं.

"माजं दात ठणठणीत हायेत, डॉक्टर. मध्या, टेम्पोत ताडपत्रीखाली तुजी गिटार हाय. घिऊन ये."

मधू हलेना.

"पाय माजा गेला," दादा म्हणाले, "तू कशापायी लंगडतोस? फोन वाजत व्हता आन् तुमी वाजवत व्हता, ते तू मला पुण्याच्या दवाखान्यातच सांगितलं. ऐकलं मी, सोडून दिलं. पर तू सोडंना. घरात रेडू लावायची चोरी झालीया. पोरं हसली की तू माज्याकडं बगतोस. आरं, मी घटकाभर इसरलेला आसतो पाय, तू मला आटवून देतोस!"

मधू मटकन खाली बसला आणि त्यानं दादांचा पाय धरला. लहान मुलासारखा रडला. "दादा, तू देवमाणूस हाईस," एवढंच तो परत परत म्हणत होता. डॉक्टर आणि मी उगाच खिडकीतून बाहेर बघत राहिलो. शेवटी गिटार मीच आणली. तारा गंजलेल्या, त्याची बोटं मऊ पडलेली. वाजवलं ते काही ऐकण्यासारखं नव्हतं. पण मधू वाजवत होता. दादा त्या खुर्चीत मान टाकून छान घोरत झोपले.

त्यानंतर दोघं भाऊ मिळूनच यायचे. आमचे रविवार परत सुरू झाले ते पुढे कितीतरी वर्षं चालले, डॉक्टरांनी दवाखाना मुलीच्या हाती दिला तरी बाहेरची खोली आमचीच राहिली. पण पूर्वीचा मधू पूर्णपणे परत आला असं मी म्हणणार नाही. फोन वाजला की त्याचा हात तारांवर आडवा पडायचा, गाणं कितीही रंगात असो. मोबाइल आल्यावर तर आमची पंचाईतच झाली. कुणी म्हणालं, घटकाभर बंद करून ठेवूया सगळ्यांनी, तर मधू एकदम कडक आवाजात म्हणाला, "फोन कुणी बंद करायचा नाय." तोडलेली, अर्धवट राहिलेली अशी किती गाणी आमच्या खात्यावर आहेत! दादा ऐकत असले की तो जरा मोकळा वाजवायचा, ते नसले की घड्याळ बघायचा. माफी मिळालेला माणूस आणि स्वतःला माफ केलेला माणूस यात अंतर असतं, हे मला मधूकडे बघून कळलं...

परवा, म्हणजे सगळे विधी उरकल्यावर, मी मंचरला गेलो. दादा एकटेच ओसरीवर खाटेवर बसले होते. वहिनींनी चहा दिला आणि त्या आत गेल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "दादा, तुम्ही त्या दिवशी जुन्नरला आला नसता तर त्यानं पुन्हा गिटारला हात लावला नसता. तुमचं मन मोठं."

दादांनी चहाची बशी खाली ठेवली.

"समदी असंच म्हणत्यात," ते म्हणाले. "त्योबी म्हणायचा. पर तसं न्हाई, सर. त्यानं गिटार माळ्यावर टाकली ना, त्या दिशी मी खाटंवर पडल्या पडल्या बगत व्हतो. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. म्हणलं, माजा पाय गेला, जाऊ दे ह्याचंबी कायतरी. मी एक सबूद टाकला असता तर दुसऱ्या दिशी त्यानं ती खाली काढली असती. नाय टाकला. वर्सं गेली तशीच. मंग त्यो आतल्या आत वाळत चालला, बगवंना, तवा गाडी काडायला लावली आन् तुमच्यासमूर शानपन सांगितलं त्याला... त्यानं देवमाणूस म्हणून माजा पाय धरला. आन् मी धरू दिला."

रस्त्यावरून कांद्याच्या गाड्या जात होत्या.

"त्याला कळलं आसंल का, सर? तुमी लई वर्सं बगितलंय त्याला."

"माहीत नाही, दादा," मी म्हणालो. खोटं सांगवलं नाही, आणि खरं तर मला माहीतच नव्हतं.

मी निघालो तसे ते मला दारापर्यंत सोडायला उठले. काठी खाटेलाच टेकलेली राहिली. तेव्हा माझं लक्ष गेलं, खाटेपासून दारापर्यंत, आणि दारातून पुढे थेट मोरीपर्यंत, भिंतीला कमरेच्या उंचीवर लोखंडी नळी ठोकलेली होती. मधूनं बसवलेली, पहिल्याच वर्षी. दादांना उठायला कुणाला हाक मारावी लागू नये म्हणून. जिथं दोन नळ्या जोडल्या होत्या तिथं जोड खडबडीत राहिला होता, म्हणून त्यानं त्यावर धोतराची चिंधी घट्ट गुंडाळून दोऱ्यानं शिवली होती. कृत्रिम पाय लागल्यापासून दादांना त्या नळीची गरज उरली नव्हती, वहिनी कधीच्या म्हणत होत्या काढून टाका म्हणून. चिंधी हाताच्या मळानं काळी, गुळगुळीत झाली होती. दादा नळीला धरून धरून चालत आले, त्या चिंधीपाशी त्यांचा हात थांबला, आणि मी गाडी वळवून रस्त्याला लागेपर्यंत तिथून हलला नाही.