अक्कांचा वर्तमानकाळ

इथले भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचते आणि खोटं कशाला बोलू, निम्म्यांना हसते. मी शाळेत मराठी शिकवणारी बाई. भूत म्हटलं की मला भूतकाळ आठवतो... साधा, अपूर्ण, पूर्ण. त्यापलीकडचं भूत मी कधी मानलं नाही. तरी कुंभकोणमच्या भाड्याच्या घरात जे झालं ते मनातून जात नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे. हसायचं असेल तर खुशाल हसा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझ्या मिस्टरांची बँकेतून बदली झाली आणि आम्ही साताऱ्याहून थेट कुंभकोणमला जाऊन पडलो. बरोबर सासूबाई होत्या. मी त्यांना आईच म्हणत असे. त्याच वर्षी मामंजी गेले होते आणि तेव्हापासून आईंचं जेवण सुटलं होतं. हट्ट नाही, रडणं नाही. दोन घास घेत, ताट सरकवत आणि म्हणत, "पुरे गं." ब्लाऊज खांद्यावरून घसरू लागले होते. डॉक्टरांना आजार सापडेना. त्यांचं एकच म्हणणं, खाल्लं नाही तर टिकणार नाहीत. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना मिस्टर मला म्हणाले, "आईला आपण परमुलखात मरायला तर नाही ना आणलं?"

घर लांबट होतं. मधे उघडा चौक, सगळ्यात मागे स्वयंपाकघर. त्याच्या कौलांत एक काचेचं कौल बसवलेलं, त्यातून दुपारी उन्हाचा एक तुकडा खाली उतरायचा आणि भिंतीवरून सावकाश सरकत राहायचा. कुठूनतरी कॉफी भाजल्याचा वास यायचा, लांब देवळात सनईसारखं नागस्वर वाजायचं. त्या घरातल्या दुपारी मला अजून आठवतात त्या अर्धवट झोपेत पाहिल्यासारख्याच.

घर घेतलं ते मालक मराठी म्हणून. तंजावरकडचे मराठी! पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेले, बाहेर तमिळ आणि घरात जुनी मराठी बोलणारे. मालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत. त्या जवळच नाचियार्कोविलला राहायच्या आणि महिन्यातून एकदा बसने येऊन घर बघून जायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी माझा शिरा खाल्ला आणि म्हणाल्या, "उदंड चोखोट झालंय." चोखोट म्हणजे छान. मला तर पोथीतलंच एखादं पान बोलल्यासारखं वाटलं. पण शिक्षकाची खोड जात नाही. त्यांचे काळ चुकतात, लिंगं चुकतात, हे मी मनात टिपत राहायची.

त्या स्वयंपाकघरात मला एकच गोष्ट डाचायची, ओटा. बुटका, लाल सिमेंटचा, जागोजागी तडकलेला आणि धुराने काळवंडलेला. किती घासला तरी कळकटच. शिवाय डाव्या कोपऱ्यात, भिंतीलगत, एक खळगा होता. तळहाताएवढा, झिजून गुळगुळीत झालेला. त्यात पाणी साचायचं, वाटी ठेवली तर कलायची. घर भाड्याचं, फोडता काहीच येणार नव्हतं. म्हणून मी ठरवलं की जुना ओटा तसाच ठेवायचा आणि वरून काळा कडप्पा बसवून घ्यायचा.

अक्कांना विचारलं. "घाला की," त्या म्हणाल्या. मग कोपऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तेवढा कोपरा राहूं द्या. अत्या तिथें हात ठेवितात."

अत्या म्हणजे त्यांच्या यजमानांची आत्या. लहानपणीच विधवा झालेली, जन्मभर त्या घराचा स्वयंपाक केलेली. जाऊन बरीच वर्षं झालेली. मी मनात वाक्य दुरुस्त केलं. 'ठेवितात' नव्हे, 'ठेवायच्या'. आणि विसरून गेले.

एव्हाना एक चांगली गोष्ट घडू लागली होती. आई खायला लागल्या होत्या. मी दुपारी दोन गल्ल्या पलीकडे एका बाईंकडे तमिळ शिकायला जायची. जाताना आईंचं ताट वाढून झाकून ठेवायची. आल्यावर बघावं तर ताट रिकामं! पहिल्यांदा मला वाटलं, गाईला घातलं. आईंना विचारलं तर त्या हसल्या. मामंजी गेल्यावर पहिल्यांदाच हसल्या.

"त्या बाई येतात ना. बोलता बोलता जेवण होतं."

"कुठल्या बाई?"

"इथल्याच मराठी. बोलतात जरा जुन्या वळणाचं, पण गोड. मला लहानी म्हणतात."

सत्तरीच्या माझ्या सासूला कोणीतरी लहानी म्हणतंय याची मला गंमत वाटली. गल्लीत एखादं मराठी घर असेल, असं मी धरून चालले. आईंना सोबत मिळाली, मला निवांतपणा मिळाला. जास्त चौकशी केलीच नाही. त्या बाईंचं बोलणंही आई कधीकधी सांगत. "त्या म्हणाल्या, दुःख माणसाचं करावं, भुकेवर कशाला रागवावं?" मला वाटलं, बाई शहाणी आहे.

मग कडप्पा बसला. दोन तुकड्यांत, एक मोठा आणि एक डाव्या कोपऱ्याचा लहान. होय, कोपरा मी झाकला. एवढ्या सुंदर काळ्याभोर ओट्याला एक लाल तुकडा ठिगळासारखा कोण ठेवील? गवंडी गेल्यावर मी ओटा पुसला. काचेच्या कौलातलं ऊन त्यात उतरलं आणि मला इतका आनंद झाला की मी मिस्टरांना ऑफिसचे कपडेही बदलू न देता आधी ओटा दाखवायला नेलं.

दुसऱ्या दिवशी ताट तसंच झाकलेलं होतं. तिसऱ्या दिवशीही.

"बाई आल्या नाहीत," आई म्हणाल्या. त्यानंतर त्या काही म्हणेनाशाच झाल्या. स्टूल ओढून ओट्याच्या कोपऱ्याशी बसायच्या आणि त्या काळ्या दगडाकडे बघत राहायच्या. चेहरा पुन्हा उतरला. आठवड्याभरात उठताना भिंत धरू लागल्या. मी घाबरले. त्या बाईंना पाया पडून घेऊन यायचं ठरवलं आणि माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये गल्लीतलं दार न्‌ दार विचारलं. त्या गल्लीत मराठी घर नव्हतं. कधीच नव्हतं, असं सगळ्यांनी सांगितलं.

नेमक्या त्याच दिवसांत अक्का आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. तुम्ही तर येत नव्हता ना, असंही विचारलं.

"मी कशी येईन? माझे गुडघे हे असे, महिन्यांतून एकदां बस चढाया होते तेंच पुष्कळ." मग त्यांनी आईंना विचारलं, "ती बायको तुम्हांस काय म्हणून हाक मारते?"

बायको म्हणजे त्यांच्या बोलीत नुसती बाई. आई म्हणाल्या, "लहानी."

अक्का खाली बसल्या. "ह्या घरांत नवी येईल त्या प्रत्येकीस अत्या लहानी म्हणतात," त्या म्हणाल्या. "मीही लहानीच. मला तर वाटलं, आतां कोणी म्हणणार नाही." मग उठून त्यांनी ओटा पाहिला. मला रागावल्या नाहीत. कडप्प्यावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, "चोखोट आहे. पण त्यांस हात ठेवाया जागा कोठें?"

या वेळी मला ते वाक्य दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

रविवारी दुपारी मी मिस्टरांच्या हातात पहार दिली. "हौसेने बसवायचं आणि हौसेने उखडायचं," ते पुटपुटले. "आणि हे बँकेत कुणाला सांगायचं नाही." पण आईकडे बघून त्यांनी पहार चालवली. लहान तुकडा अख्खा निघाला. खालची वाळू मी ओल्या फडक्याने पुसून काढली. खळगा होता तसा होता. मी त्यात हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. दगडाखाली इतके दिवस बंद असलेली ती जागा ऊबदार होती. ऊन त्या कोपऱ्यापर्यंत पोचत नसे, शेगडी दुसऱ्या टोकाला होती. मिस्टरांनाही हात ठेवायला लावला. ते बाहेर जाऊन चौकात बसले.

दुसऱ्या दिवशी मी तमिळला गेले नाही. आईंचं ताट वाढलं आणि पुढच्या खोलीत जाऊन बसले. डोळा लागला असावा. जाग आली ती आईंच्या आवाजाने. त्या बोलत होत्या, थांबत होत्या, पुन्हा बोलत होत्या. त्या थांबण्यात कोणाचा आवाज होता का? मी शपथेवर सांगते, मला आला नाही. पण त्या जागा रिकाम्या नव्हत्या. कुणी बोलत असताना आपण थांबतो ना, तेवढ्याच लांबीच्या त्या होत्या.

मी अनवाणी चौक ओलांडून दारापाशी गेले. आई स्टुलावर बसून भात कालवत होत्या. स्टूल थोडं उजवीकडे सरकवलेलं, कोणाला तरी उभं राहायला जागा द्यावी तसं. उन्हाचा तुकडा ओट्यावर आला होता. खळग्यात ओलसर डाग होता, पाच बोटांचा. तो हळूहळू आक्रसत गेला आणि वाळला. भीती वाटायला हवी होती. मला मात्र नुसतं रडू येत होतं, आणि आई भात खात होत्या. मी आत गेले नाही.

आई सावरल्या. बदली होऊन आम्ही निघालो त्या दिवशी त्यांनी त्या खळग्यात आपला हात ठेवला आणि "येते हं" म्हणाल्या. कोपऱ्यात लाल, बाकी काळा असा तो ओटा मी तसाच सोडून आले. पुढे साताऱ्याला आई पुष्कळ वर्षं जगल्या, चवीने जेवल्या. कोणी विचारलं की सांगायच्या, "कुंभकोणमला माझी मैत्रीण असते."

मिस्टर म्हणतात, आईला एकटेपणात भास झाले. असतील. मग 'लहानी' हा शब्द कुठून आला, ती ऊब कशाची आणि ती पाच बोटं कोणाची, हे मला सांगता येत नाही. इतक्या वर्षांत कोणी सांगू शकलेलं नाही.

आईही आता नाहीत. माझ्या स्वतःच्या घरात चकचकीत ग्रॅनाइटचा ओटा आहे आणि त्याच्या डाव्या कोपऱ्याशी एक जुनं स्टूल. परवा सून म्हणाली, "हे मधे येतं, माळ्यावर टाकू का?"

"राहू दे," मी म्हटलं. "आई तिथे बसतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी वाक्य दुरुस्त केलं नाही.