अख्ख्या पाकिटावरचा पेला

केडगावच्या दुकानदाराने डब्यातली सुटी चहापत्ती कागदावर ओतली आणि त्या वासासरशी पारनेरकडच्या एका गावातलं चाचीचं दुकान आठवलं. मी तेव्हा चहाच्या कंपनीचा सेल्समन होतो. अर्ध्या किलोच्या पाकिटावर काचेचा पेला फुकट, अशी स्कीम चालू होती.

चाचीने मात्र एक पाकीट फोडून सुटं विकलं आणि त्यावरचा पेला रोज चिमूटभर पत्ती नेणाऱ्या एका म्हाताऱ्याला माझ्यासमोरच दिला. म्हातारा पेला उन्हात धरून त्यातून रस्ता बघत राहिला.

मी चिडलो. "चाची, पेला अख्ख्या पाकिटावरच द्यायचा. नाहीतर तुमची स्कीम बंद."

"एकटा मानूस हाय, सायेब. त्यो अख्खं पाकीट कवा नेनार?"

म्हाताऱ्याने पेला काउंटरवर परत ठेवला, पुडी उचलली आणि निघून गेला. नियम पाळला म्हणून मी खूश होतो.

आता माझी बायको जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा पुण्यात असतो. पन्नास ग्रॅम पत्ती मला आठवडाभर पुरते. आज दुकानदाराच्या मागच्या फळीवर स्कीमचे पेले रचलेले दिसले.

"काका, आणखी काही?"

"नाही," म्हणालो आणि पुडी उचलली.